कान नसलेला बिबट्या

आळेफाटा,
३ ऑगस्ट

प्रिय रुबिना,

आईच्या तेराव्याला आली होतीस तेव्हा जाताना म्हणालीस, "पत्र तरी टाक." ते पत्र आज लिहितेय. एवढ्या उशिराबद्दल माफ कर. कारण द्यायला बसले की प्रत्येक कारण अर्धंच खरं वाटतं. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण आई गेल्यापासून वेळच वेळ आहे. चार वर्षं रात्री उठून तिची कूस बदलत होते. अजूनही त्याच वेळेला जाग येते आणि मग करायला काही नसतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते, ते तासही यंदा निम्मे झाले. त्यामुळे बराच वेळ गोरखदादाच्या घरीच, वस्तीवर असते.

पत्राचं निमित्त आरोही, दादाची मुलगी. नववीत आहे. फोनच केला असता, पण घरात ती सतत आसपास असते. बाहेर जातच नाही, हीच तर अडचण आहे, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलवत नाही. म्हणून कागद. दादा कांदा घेऊन मंचरच्या मार्केटला येतो, तो तुझ्या दवाखान्यात देईल. आपल्याच मुलीबद्दलचं पत्र खिशात घालून नेईल आणि उघडून बघणार नाही, इतका तो सरळ आहे.

शाळा उघडल्यावर जूनमध्ये दादा तिला मोटरसायकलवरून क्लासहून आणत होता. फाट्यापासून वस्तीकडे येणारी आमची गाडीवाट तुला आठवत असेल, दोन्ही अंगांना ऊस. बिबट्यानं उसातून गाडीवर उडी घेतली. पंजा तिच्या पोटरीला लागला. दादानं गाडी थांबवली नाही म्हणून दोघं आज आहेत. टाके पडले, इंजेक्शनं झाली. जखम भरली. पिंजरा लावलाय, त्यात शेळी ठेवलीय. ती शेळी आता चांगली गलेलठ्ठ झालीय.

बिबट्या आपल्याला नवा नाही. आमच्याकडे सगळे बोलत, खाकरत, मोबाईलवर गाणी लावून वाट चालतात. शेजारचे गेणभाऊ भजन म्हणत जातात. दादा त्यांना म्हणतो, "गेणभाऊ, तुमचा आवाज ऐकून जनावर तालुका सोडून जाईल." अंधार पडला की बिबट्या म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, हेही आहेच. आरोही हे सगळं लहानपणापासून करत आली. पण आता ती ओट्याखाली उतरत नाही. वहिनी म्हणाली, "आरू, गोठ्यापत्तर तरी चल." तर म्हणाली, "तू जा आई, मी हितनं बघते."

वहिनीचा भाऊ चांगदेव चाकणला कंपनीत आहे. तो परवा येऊन सांगून गेला, "भाऊबीजेला येतो. तवर पोरगी शाळंत जाया लागली न्हाई तर माझ्याकडं घिऊन जातो. तिथं ऊस न्हाई न् काय न्हाई. फ्लॅटमधी ऱ्हाईल." त्याचं चुकत नाही. दादा-वहिनी तयारही झालेत. पण आरोही रात्री माझ्या अंथरुणात येऊन म्हणते, "आत्या, मला चाकणला नको पाठवू." घराबाहेर पडायची भीती आणि घर सुटायचीही.

भीतीवर तुमच्याकडे काही उपचार करतात, असं तू बोलली होतीस. ती मंचरला येणार नाही. काही सुचतंय का बघ. जमत नसेल तर तसं सांग, संकोच करू नकोस.

तुझी,
तेजस्विनी

मंचर,
८ ऑगस्ट

तेजू,

माफीबिफी ठेव बाजूला. गोरखभाऊंनी पत्र दिलं, मी म्हटलं चहा घ्या, तर म्हणाले, "नको ताई, गाडी आडवी लावलीय, पोलिस फोटो काढाय लागलाय," आणि पळाले. चहा माझा मलाच प्यावा लागला.

ऐक. आमच्या ट्रस्टनं उन्हाळ्यात एक व्हीआरचा चष्मा घेतलाय. चष्मा कसला, डबाच तो, डोळ्यांवर पट्ट्यानं बांधायचा. आत चारी बाजूंनी चित्र दिसतं, मान वळवशील तिकडचं. पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या भागासाठी म्हणून बिबट्याचा प्रोग्राम करून दिलाय. पद्धत जुनीच आहे: ज्याची भीती त्याची थोडी थोडी सवय करायची, आधी लांबून, मग जवळून. उंचीच्या, गर्दीच्या भीतीला याचा उपयोग झालेला मी स्वतः पाहिलाय. बिबट्यावर अजून कुणाला दिला नाही.

खरं सांगू, तो डबा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तुझं 'भासघर' आठवलं. एस.वाय.ला असताना जुन्नरच्या कॉलेजच्या अंकात तुझी ती गोष्ट आली होती. पोरगा एका खोलीत शिरतो आणि तो म्हणेल ते गाव तिथं तयार होतं. नदीचं पाणी ओलं, भाकरी गरम, माणसं बोलणारी. बाहेर त्याची आई जेवायला हाका मारतेय आणि त्याला ऐकू येत नाही. मी विचारलं होतं, भासातली भाकरी खाऊन याचं पोट कसं भरतं? तर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस! अम्मी अजून विचारते, "वो भाकरीवाली लडकी कैसी है?"

तर तुझ्या माहितीसाठी: एवढी वर्षं झाली, पोट अजून भरत नाही. पाव तासात मान दुखते, नाकावर घाम येतो, आणि शेजारी कुणी भजी तळली तर वास भज्यांचाच येतो.

नियमानं चष्मा दवाखान्याबाहेर न्यायचा नाही. येत्या रविवारी मी घेऊन येते. पहिल्या वेळी मी बसेन तिच्याजवळ. पुढचं बघू.

रुबिना

आळेफाटा,
२७ ऑगस्ट

प्रिय रुबिना,

तू चष्मा आमच्याकडे ठेवून गेलीस, त्याबद्दल तुला कुणी बोललं तर नाही ना? माझ्या मनाला ते लागून राहिलंय. तू सांगितलेलं सगळं पाळतेय. दिवसाआड एकदाच, ओट्यावर, खुर्ची बाजूला सारून, मी हाताच्या अंतरावर.

तू गेल्यावरचं सांगते. पहिल्या पायरीला बिबट्या लांब, बांधावर असतो. आपण नुसतं उभं राहायचं. न हलता उभं राहिलं की नजरेच्या कोपऱ्यातलं एक वर्तुळ भरत जातं. हललं की ते रिकामं होतं. पूर्ण भरलं की बिबट्या आपल्याकडे बघतो, वळतो आणि उसात निघून जातो. मग 'छान!' अशी अक्षरं येतात आणि पुढची पायरी उघडते. तिथे तो आणखी जवळ.

आरोहीला ते घडीभरही खरं वाटलं नाही. "आत्या, ऊस प्लास्टिकचा हाय," हे तू गेल्यावरचं तिचं पहिलं वाक्य. तरी तिचे तळहात ओले झाले होते आणि पोटरीवरच्या वणावर हात गेला होता. मला याचं नवल वाटत राहिलं. खोटं आहे हे डोक्याला ठाऊक असताना अंग वेगळंच वागतं.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. बिबट्या थोडा पुढे आला तशी ती एकदम ओरडली, "हाऽड! हाऽड!" आपल्याकडे ओरडतात तसंच, पोटातून. बिबट्या ढिम्म. ती पुन्हा ओरडली. मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली. "आत्या, ह्याला कान न्हाईत!" जूनपासून ती हसली नव्हती. वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. रात्री जेवताना दादानं विचारलं, "काय म्हणतोय तुझा बहिरा?" तर पुन्हा हसली.

भासघराचं तू काढलंस म्हणून कपाटातून तो अंक शोधला. वाचून कानकोंडी झाले. वीस वर्षांची मुलगी सगळं किती सहज करून मोकळी झालीय! भिंतीतून नदी काढलीय, हवेतून भाकरी. ते कशानं होतं हे लिहायची गरज वाटली नव्हती. आज वर्गात कुणी विचारलं तर मी सांगेन की चित्र आणि आवाज इथवर आपण आलोय, तोही बराच पल्ला आहे. पण स्पर्श म्हणजे हातमोज्यातली थरथर. उसाचं पान दंडाला कापतं ते नाही. ओल्या मातीचा वास नाही. आणि साधी अडचण अशी की गाव कोसभराचं आणि खोली दहा फुटांची. चालणारा माणूस भिंतीवर आपटणारच. या चष्म्यात भिंत जवळ आली की निळी जाळी दिसते, मुकाट्यानं मागे फिरायचं. माझ्या गोष्टीत भिंतच नव्हती. वाटलं, बरंच झालं. जे इतकं कच्चं आहे त्यात कुणी हरवायची भीती नाही.

हे लिहिताना मी स्वतःची समजूत घालतेय का, ते कळत नाही.

तुझी,
तेजस्विनी

मंचर,
४ सप्टेंबर

तेजू,

बहिऱ्या बिबट्याचं वाचून मी एवढी हसले की बाहेर बसलेले पेशंट डोकावून गेले. आरोहीला सांग, मावशीनं शाबासकी दिलीय.

दोन गोष्टी मात्र पाळ. एक, चष्मा काढल्यावर लगेच उठू देऊ नकोस. काय वाटलं ते बोलायला लाव, काहीही बोलू दे. दोन, तू उठून जाऊ नकोस. डबा डोळ्यांवर असला की माणूस एकटा असतो, बाहेरून कुणी आहे हे त्याला कळायला हवं. बाकी तू माझ्यापेक्षा काटेकोर आहेस, तुला काय सांगायचं.

हातमोजे, वास वगैरे तुझं भाषण आवडलं. पण माझ्याकडे येणाऱ्यांना नदी ओली लागत नाही. एक बाई नुसत्या पुलाच्या चित्रावर उभी राहून घामाघूम झाली आणि महिन्याभरानं खऱ्या पुलावरून माहेरी गेली. तुझ्या पोराला अख्खं गाव लागत होतं, हिला कठडा पुरला. माणूस एवढ्या थोड्यावर चालतो, हे आपल्याला कॉलेजात कुठं माहीत होतं?

रुबिना

आळेफाटा,
२४ सप्टेंबर

प्रिय रुबिना,

पत्र छोटं आहे, रागावू नकोस. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत.

आरोहीच्या सगळ्या पायऱ्या संपत आल्या. शेवटच्या पायरीत आपण उसाच्या मधोमध, गाडीवाटेवर उभे असतो आणि बिबट्या पाच पावलांवर येतो. ती खांबासारखी उभी राहते. तळहात कोरडे. चार दिवसांपूर्वी गोठ्यापर्यंत गेली, काल विहिरीपर्यंत. वहिनीनं देवाला नारळ फोडला. दादा मला म्हणाला, "तुझ्या शिक्षणाचा उपेग झाला बघ."

आता मी सारखं शेजारी असायची गरज उरली नाही, असं वाटतं. तरी असतेच मी.

त्या चष्म्यात बिबट्याशिवायही काही आहे हे तुला ठाऊक असेलच. समुद्र आहे, बर्फाचा एक डोंगर आहे. एकदा बघितला. तिथे वारा आहे, पण थंडी नाही. कुणी येत नाही. कुणाची कूस बदलायची नसते. लिहिण्यासारखं त्यात काही नाही, उगीच लिहिलं.

तुझी,
तेजस्विनी

मंचर,
१ ऑक्टोबर

तेजू,

विहिरीपर्यंत! मी इथं उड्या मारतेय. ट्रस्टच्या लोकांसमोर सांगितलं, नाव न घेता. दिवाळीनंतर आणखी दोन चष्मे घ्यायचं चाललंय. या कामात 'उपयोग झाला' असं सांगायला क्वचित मिळतं, म्हणून जरा जास्तच बोलले असेन.

बर्फाचा डोंगर मलाही आवडतो. एकदाच कशाला, बसत जा की थोडी. चार वर्षं तू कुणासाठी ना कुणासाठी जागीच होतीस. आरोही चांगली आहे, आता तूही चांगली हो.

रुबिना

आळेफाटा,
९ ऑक्टोबर

रुबिना मावशीस,

सा. न. आत्या तुम्हाला लिहील, पण सगळं लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

सोमवारी मी एकटी उसात गेले. चष्म्यातल्या सगळ्या पायऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं, एकदा बाहेर खरं करून दाखवलं की मग मामा मला न्यायचं म्हणणार नाही. आई डेअरीला दूध घालायला गेली होती, पप्पा मंचरला. मी आत्याला दोनदा हाक मारली. आत्या ओट्यावर चष्मा लावून बसली होती. ती रोज दुपारनंतर लावते. तिला ऐकू आलं नाही. मी तिला हलवणार होते, पण तिच्या तोंडावर हसू होतं. आजी आजारी पडल्यापासून मी ते बघितलं नव्हतं. म्हणून हलवलं नाही.

मी गाडीवाटेवर निम्म्यात गेले आणि उभी राहिले. चष्म्यात असते तशी, गप. हलले नाही. मला वाटलं, तो येईल, बघेल आणि जाईल. मग झालं. पण तो येईचना. आला नाही तर संपणार कसं? म्हणून मी थांबले. ऊन गेलं, दिसायचं कमी झालं, तरी मी थांबले. घरून निघताना मी मोबाईल पण घेतला नव्हता आणि तोंडानं काही म्हणत पण नव्हते. एरवी आम्ही असं कधीच जात नाही.

मग पप्पांची पिकअप आली. पप्पा खाली उतरले. मला वाटलं मारतील, पण ते वाटेतच मट्कन खाली बसले. म्हणाले, "हितं काय करतीस गं बाय?" मी म्हणाले, "थांबा पप्पा, अजून तो आला न्हाई." मला खरंच भीती वाटत नव्हती. आता वाटते, की तेव्हा का वाटली नाही.

सकाळी गेणभाऊंनी ठसे दाखवले. मी उभी होते तिथून जवळच, उसाच्या कडेला तो बसून होता. गेणभाऊ म्हणाले, चांगला वेळ बसला होता. मी त्याच्या येण्याची वाट बघत होते आणि तो माझ्या जाण्याची.

आत्याला रागावू नका. ती तेव्हापासून जेवत नाही नीट. मी पण आता परत ओट्यावरून उतरत नाही. तो चष्मा पप्पा घेऊन येतील.

तुमची,
आरोही

मंचर,
१२ ऑक्टोबर

तेजू,

चष्मा मिळाला. गोरखभाऊंनी तो टेबलावर ठेवला आणि हात पुसले. या वेळी चहा घेतला, चष्म्याकडे पाठ करून.

आरोहीनं मला लिहिलंय. काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही, तिला विचार. वाचल्यावर तुला खूप बोलायचं ठरवून पेन उचललं होतं. मग माझंच मागचं पत्र आठवलं. 'बसत जा की थोडी' असं कुणी लिहिलं होतं? चष्मा नियम मोडून तुमच्या घरी कुणी ठेवला? आणि 'ह्याला कान न्हाईत' हे वाक्य तू मला पत्रातून पाठवलं होतंस, मी ते वाचून हसले, दवाखान्यात चौघांना सांगितलं. एकालाही, माझ्यासकट, खटकलं नाही. मी जुन्नरात वाढलेली. लहानपणी अब्बांबरोबर मळ्यात जाताना आम्ही भावंडं डबे वाजवत जायचो!

कंपनीच्या माणसाला फोन केला. विचारलं, बिबट्या आवाजाला दाद का देत नाही? म्हणाला, "मॅडम, माईकचं फीचर नेक्स्ट व्हर्जनला आहे." मी म्हटलं, आणि तो दर वेळी निघून का जातो? तर म्हणाला, "युजरला पॉझिटिव्ह वाटायला नको का?" ट्रस्टला लिहून दिलंय की माझं आधीचं बोलणं धरू नका, प्रोग्राम बदलेपर्यंत हा कुणाला द्यायचा नाही.

मी आता तुला इलाज सांगणार नाही. माझा इलाज बघितलास. पण एक मैत्रीण म्हणून सांगते. तिला घेऊन बाहेर पड. गोठ्यापर्यंत तर गोठ्यापर्यंत. आपण जातो तसं, दंगा करत.

भाऊबीज जवळ आलीय. कळव.

रुबिना

आळेफाटा,
२ नोव्हेंबर

प्रिय रुबिना,

पुन्हा उशीर. या वेळी कारण शोधत नाही.

आरोहीनं तिचं पत्र माझ्याकडूनच पाकिटात घालून चिकटवून घेतलं. घडी उघडी होती. मी वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती, तिनं काय लिहिलं असेल ते तिच्या बघण्यावरून कळत होतं. तू विचार म्हणालीस, म्हणून विचारलं. तिनं सगळं सांगितलं, मी हसत होते तेसुद्धा. रुबी, तेवढं सोडून ती काहीही बोलली असती तरी मला सोसलं असतं.

अंकात ती गोष्ट लिहिली तेव्हा मला भीती कशाची होती? भास इतका खरा होईल की माणसाला फरक कळणार नाही, याची. म्हणूनच चष्मा कच्चा आहे हे बघून मी निर्धास्त राहिले. इथे फरक दोघींना पुरता ठाऊक होता. तिला ऊस प्लास्टिकचा दिसत होता, मला बर्फ गार लागत नव्हता. तिनं तिथून चित्र बाहेर आणलं नाही, नियम बाहेर आणला: गप उभं राहा, तो येतो, बघतो, जातो. आणि मी काय आणलं? कुणी हाक मारत नाही, एवढंच. ओल्या नदीची, गरम भाकरीची काही गरज पडली नाही. पूल ओलांडणाऱ्या त्या बाईचा कठडा तू लिहिला होतास, तेव्हाच कळायला हवं होतं. जे थोडं बरं करायला पुरतं ते चुकवायलाही पुरेल. पण चष्म्यालाच दोष देऊन मोकळं होणंही खरं नाही. हाताच्या अंतरावर मी होते.

ती पुन्हा ओट्यावर बसली. भीती परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं, निदान ती आता एकटी उसात जाणार नव्हती. मग तुझं ऐकून तिचा हात धरून खाली उतरले. दंगा करत जायचं ठरलं आणि माझ्या ध्यानात आलं की मला बोलायलाच सुचत नाही. चार वर्षं आईच्या उशाशी गप बसून ती सवयच गेली. गोठ्याकडे जाताना मी मोठ्यानं न्यूटनचे नियम म्हणायला लागले. आरोही माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आत्या, ह्यानं तो पळायचा न्हाई, झोपंल." शेवटी मी तिला भासघराची गोष्ट सांगायला घेतली. रोज थोडी, रोज थोडं पुढे. गोठा, विहीर, पेरूचं झाड. गाडीवाटेवर मात्र पाय पडत नव्हता.

भाऊबीजेला चांगदेव गाडी घेऊन आला. वहिनीनं ओवाळलं, जेवणं झाली. आरोहीची बॅग दादानं आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. चांगदेव म्हणाला, "चला आरोहीबाय, बसा. काचा वर घेऊ, काय दिसायचं सुदीक न्हाई." ती ओट्यावरून खाली उतरली. मग म्हणाली, "मामा, तुमी गाडी फाट्यावर न्या. मी चालत येते आत्यासंगं."

"आगं, खुळी का काय तू?"

"जावा तुमी."

दादा पुढं झाला होता, वहिनीनं त्याचा हात धरला.

आम्ही निघालो, दुपारचीच वेळ. हातात दादाची काठी. मी गोष्ट सांगत होते, म्हणजे ओरडतच होते. तिचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. घाम, मातीचा वास, दंडाला पानं लागत होती. निम्म्या वाटेवर डावीकडच्या उसात काहीतरी सळसळलं. डुक्कर असेल, वारा असेल. माझी वाचाच बसली. पाय थांबले. तर तिनं माझ्या दंडाला नखं रुतवली आणि किंचाळली, "गप का झालीस आत्या? बोल ना! ह्याला कान हायेत!"

मी बोलले, रुबी. काय बोलले ते आठवत नाही. भासघरातल्या पोराचं नाव सावळाराम ठेवलं, त्याची आई त्याला जेवायला हाका मारतेय ते मी आईच्या आवाजात ओरडून सांगितलं, आणि तीही माझ्याबरोबर ओरडायला लागली, "सावळ्याऽऽ, ये रे जेवाया!" पलीकडच्या रानातून गेणभाऊंनी "ओ!" दिली. त्यांना काय वाटलं कोण जाणे. रडत, ओरडत आम्ही फाट्यावर पोचलो.

चांगदेव दार उघडं ठेवून उभा होता. आरोहीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मामा, मी परत जाते. गोष्ट अर्धी ऱ्हायलीय."

"परत? हितनं? चालत?"

"मग काय."

चांगदेव माझ्याकडं बघायला लागला. शेवटी म्हणाला, "च्यायला, एवढ्या लांबनं आलो न् तुमचं ह्ये कीर्तन ऐकायला." पण डोळे पुसत होता. आम्ही मागं फिरलो तसा लांबवर हॉर्न वाजवत राहिला, आमच्यासाठी. बॅग अजून गाडीतच आहे. पोचवतो म्हणालाय.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. रात्री दचकून उठते, मीही उठते. आता उठल्यावर दोघी असतो, एवढंच.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "मग तो बाहेर येतो का?" अंकातल्या गोष्टीत येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, शाळेला निघशील तेव्हा सांगते. उद्या शाळा उघडते. सकाळी फाट्यावर व्हॅन येईल. ती म्हणते जाईन, आणि एवढं म्हणतानाही तिचा हात पोटरीवर जातो.

दमलेय. आता निजते.

तुझी,
तेजस्विनी

ता. क. उद्या निघण्याआधी भासघराचा शेवट ठरवायचाय, फाट्यापर्यंत पुरेल एवढा लांब.